दोन सारखी नावे

वकिलास यादीत आपले नाव कोठे आहे ते पाहण्याची एक खोड असते. कोर्टाच्या दिवसाच्या कामांची यादी, जिला आम्ही बोर्ड म्हणतो, ती पाहिल्यावाचून आम्हांस सकाळचा चहा गोड लागत नाही. ही खोड कोर्टाचे आवार सोडल्यावरही सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी सुरतेतील आमच्या मराठी-कोंकणी मंडळींच्या देवालय-सभेची नवी सभासद-यादी हाती आली, तेव्हा आम्ही तिच्यात आधी स्वतःस शोधले आणि मग सवडीने देवास हात जोडले, हे येथे कबूल करून टाकतो.

यादी वर्णानुक्रमाने लावलेली होती आणि नावामागची उपाधीही नावाचाच भाग धरलेली होती. तेव्हा 'ॲडव्होकेट' या उपाधीच्या बळावर आपण पहिल्या पानावर असणार, अशी आमची खात्री. पहिल्या पानावर एक वकील होतेही. परंतु ते आमच्याहून वडील असलेले दुसरे गृहस्थ. आमचे नाव सापडले ते अगदी शेवटच्या पानावर, 'ह'ची सारी नावे संपल्यानंतर! उपाधी एक, अक्षरे एक, छपाईही एक. आणि एकास पहिल्या पंगतीचे पान, तर दुसऱ्यास शेवटच्या. सभेचे खजिनदार मूळचे गोव्याचे. ते हसून म्हणाले, "वकीलबाब, निमाणे पंगतीक बसल्यार गोडशें चड मेळटा." आम्हीही हसलो आणि यादी घडी करून खिशात ठेवली.

येथवर प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे होते. परंतु त्याच महिन्यात त्याच यंत्राने आमच्या हातून एक अन्याय करविला. 'यंत्राने करविला' हे म्हणणेदेखील वकिलीच झाली. सही आमची होती.

सभेच्या नियमांत असे एक कलम आहे की, ज्या सभासदाची वर्गणी लागोपाठ तीन वर्षे थकेल त्याचे नाव चिटणिसाने पत्र देऊन कमी करावे. चिटणीस आम्हीच. पूर्वी हे काम वही आणि पावतीपुस्तक मांडीवर घेऊन होत असे. आता सभासदांची वही आणि वर्गणीच्या पावत्या दोन्ही संगणकात आहेत. तो एकीतले नाव दुसरीतल्या नावाशी ताडून पाहतो आणि ज्या नावाशी एकही पावती जुळत नाही ते बाजूला काढतो. अशी पाच नावे निघाली. आम्ही पाच पत्रांवर सह्या केल्या. त्यास पाच मिनिटेही लागली नसतील.

चौथ्या दिवशी गोपीपुऱ्यात राहणाऱ्या एक वृद्ध काकू रिक्षा करून आमच्या कचेरीत आल्या. त्यांचे नाव येथे देत नाही. आडनाव बऱ्हाणपूर या गावावरून पडलेले आहे, एवढे सांगितल्यावाचून मात्र पुढची हकीकत समजणार नाही. बऱ्हाणपूर तापीच्या वरच्या अंगास आणि सुरत तिच्या मुखाशी. मोगलाईत सुरतेच्या बंदरावरचा माल बऱ्हाणपूरवरून आग्र्याकडे जाई. त्याच वाटेने केव्हा तरी हे घराणे नदीबरोबर खाली उतरले असावे. काकूंचे यजमान सभेच्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी. कार्तिकातील एका संध्याकाळची दीपाराधना त्यांनी आपल्याकडे मागून घेतली होती, आणि त्यांच्यामागे काकू ती सेवा न चुकता चालवीत होत्या. सभासदत्व गेले की राखून ठेवलेली सेवाही जाते. आमच्या पत्रात तेही वाक्य होते, आणि ते आम्हीच घातलेले होते.

काकूंनी पिशवीतून तीन वर्षांच्या तीन पावत्या काढल्या, त्यांच्या शेजारी आमचे पत्र ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मला वाचता येते. पत्रावरचे नाव माझे आहे, पावतीवरचेही माझेच आहे. मग पैसे भरणारी ही दुसरी कोण?"

आम्ही चार कागद पुढे ओढून नावे ताडून पाहिली. काना, मात्रा, जोडाक्षर, कशातही फरक नाही. खजिनदारांना दूरध्वनी केला. त्यांनी पत्रावरचे नाव संगणकाच्या वहीतून उचलून पावत्यांत शोधले आणि दोनदा शोधून म्हणाले, "ना म्हणटा." कागदावर जे डोळ्यांना दिसत होते ते यंत्र नाकारीत होते. साक्षीदार उलटला की काय करावे हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु याची उलटतपासणी कशी घ्यावी, हे कळेना.

शेवटी एका स्नेह्यांच्या चिरंजिवांना बोलाविले. ते येथेच संगणकाचे काम करतात. त्यांनी दोन्ही नावे पडद्यावर घेतली, काही कळा दाबल्या, आणि नावांच्या जागी आकड्यांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "काका, यंत्राला अक्षर दिसत नाही, त्याला आकडा दिसतो." मग त्यांनी जे समजावून दिले ते आमच्यासारख्याच इतर अनभिज्ञांसाठी येथे मांडतो.

संगणकात प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला असतो. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, 'ल'चा २३५४, 'ह'चा २३६१. गंमत अशी की गुजराती 'क'चा क्रमांक २७०९ आहे, आणि आपल्या प्रत्येक व्यंजनात ३८४ मिळविले की त्याच्या गुजराती भावंडाचा क्रमांक येतो. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे जो संकेत आधी बांधला गेला त्यात साऱ्या लिप्या एकाच साच्यात बसविल्या होत्या, आणि युनिकोडने तो साचा उचलला. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसास हे शेजारपण आवडावे असेच आहे.

आता दोन शब्द समान आहेत की नाहीत, हे यंत्र कसे ठरविते? वेगळे काही शिकविले नसेल तर ते दोन्ही ओळींतले आकडे डावीकडून एकेक करून ताडते. सारे जुळले तर शब्द एक. एक जरी चुकला तर दोन. अगोदर कोणता लावावा हेही तसेच: जेथे प्रथम फरक पडेल तेथे ज्याचा आकडा लहान तो आधी. काकूंच्या आडनावातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर यंत्रात दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत आकडे पडतात २३५३, २३८१, २३६१. दुसरीत पडतात २३५२, २३८१, ८२०५, २३६१. यांपैकी ८२०५ हे अक्षरच नव्हे. शेजारच्या अक्षरांचे रूप कसे दाखवावे एवढे सांगणारी ती एक अदृश्य खूण आहे. कागदावर दोन्ही रीती तंतोतंत एकच दिसतात. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराचे पाणी सुरतेत घराघरांत शिरले, तेव्हा सभेची जुनी वही भिजली. ती वाळवून कोणी तरी त्या वेळच्या कळफलकावर उतरून काढली, ती एका रीतीने. अलीकडच्या पावत्या खजिनदारांच्या हातातील फोनवर लिहिल्या गेल्या, त्या दुसऱ्या रीतीने. काकू एकच, पुराआधीच्या वहीतल्या आणि पुरानंतरच्या पावतीतल्या मात्र यंत्राच्या लेखी दोन बायका.

आमच्या उपाधीचे कोडेही मग उलगडले. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, आणि तो २४१८, म्हणजे 'ह'च्याही पुढे. त्याआधी मंडळी 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवीत. आमचे वडील वकीलबंधू जुने सभासद, म्हणून ते 'अ'च्या २३०९ क्रमांकावर पहिल्या पानास लागले. आम्ही मागाहून सभेत आलो, म्हणून २४१८ वर जाऊन पडलो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत मानाने बसविले. परंतु वर्णमालेत बसणे वेगळे आणि यंत्राच्या रांगेत बसणे वेगळे.

आम्ही त्या तरुणास विचारले, "मग हे यंत्र मूर्खच म्हणावयाचे काय?" तो म्हणाला, "नाही काका. आपण त्याला कोणत्या नियमाने ताडावे हे सांगितले नाही. न सांगितले तर ते आकडे ताडते." हे उत्तर आम्ही त्यानंतर बरेच दिवस मनात घोळवीत होतो.

कारण विचार करू लागलो तसे दिसून आले की, अक्षरांचा क्रम ही सृष्टीने दिलेली गोष्टच नव्हे. आपण शाळेत 'श ष स ह ळ क्ष ज्ञ' असे घोकले. यंत्राच्या क्रमांकांत मात्र 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे २३५५ वर बसलेला आहे. तेव्हा कामत, कासार आणि काळे या तीन घराण्यांची नावे आपण घोकलेल्या क्रमाने लावली तर काळे शेवटी येतील, आणि आकड्यांच्या क्रमाने लावली तर मध्ये. बाराखडीत 'कं' हा 'कौ'च्या पुढे. आकड्यांत तो 'का'च्याही आधी. स्वीडिश भाषेत दोन टिंबे डोक्यावर घेतलेला रोमन 'ए' हा 'झेड'च्या नंतर येतो, तर शेजारच्या जर्मन भाषेत तोच साध्या 'ए'बरोबर बसतो. स्पॅनिश भाषेत 'सीएच' ही जोडी कोशात स्वतंत्र अक्षर म्हणून लावीत. १९९४ साली त्यांच्या भाषा-अकादमींनी एकत्र बसून ती रीत सोडली. म्हणजे क्रम हा ठराव आहे. आणि ठराव मोडून दुसरा करताही येतो.

आकड्यांचीही तीच कथा. आमच्या एका दाव्यातील कागदपत्रांची सूची यंत्राने लावून दिली, तेव्हा निशाणी १ च्या पाठोपाठ १०, ११, १२ आल्या आणि निशाणी २ त्यांच्यामागे. कारण यंत्रास ते आकडे नसून अक्षरे आहेत असे सांगितलेले होते. आणि अक्षरे म्हणून ताडताना १० मधील पहिला १ हा २ पेक्षा लहानच. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, त्यात यंत्राचा काय दोष?

यावर जाणत्यांनी उपाय केलेले आहेत. माहितीच्या ज्या संग्रहास डेटाबेस म्हणतात, त्यास तुलनेचा नियम आधी नेमून देता येतो. त्या नियमास कोलेशन असे नाव आहे. चांगला नियम पायरीपायरीने चालतो. पहिल्या पायरीवर मूळ अक्षर पाहावयाचे. ती जुळली तर दुसरीवर नुक्त्यासारख्या खुणा. तीही जुळली तर तिसरीवर रोमन लहान-मोठ्या लिपीसारखे बारीक भेद. नुसत्या रूपासाठी घातलेल्या अदृश्य खुणा त्यात मोजीतच नाहीत. पहिल्या पायरीवरच थांबा असे सांगितले असते, तर काकूंची दोन्ही नावे एकच ठरली असती. परंतु कोठे थांबावयाचे हे प्रत्येक घरी निराळे. मायएसक्यूएल नावाचा संग्रह रोमन लहान-मोठी अक्षरे सहसा एकच मानतो, पोस्टग्रेस नावाचा ती वेगळी धरतो. एकच प्रश्न दोघांस विचारला तर एक 'होय' म्हणेल आणि दुसरा 'नाही'. आणि दोघेही आपापल्या नियमाने खरे बोलतील.

नियम मध्येच बदलला तर काय होते, याचे उदाहरण २०१८ साली घडले. लिनक्स प्रणालीच्या मुळाशी असलेल्या ग्लिबसी या आज्ञासंचाची २.२८ ही आवृत्ती निघाली, तिच्यात शब्द लावण्याचे क्रम बदललेले होते. ज्या संग्रहांची सूची जुन्या क्रमाने बांधलेली होती आणि शोध मात्र नव्या क्रमाने होऊ लागला, तेथे असलेली नोंदही नसल्यासारखी होऊ लागली. सूची नव्याने बांधीपर्यंत तिचा भरवसा उरला नाही. कोशात 'ळ' शेवटी लावून ठेवावा आणि शोधणाऱ्याने तो 'ल'मागे पाहून पुस्तक मिटावे, तसेच हे.

नावांच्या बाबतीत आपल्या समाजास हा अनुभव नवा नाही. गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, पोर्तुगीज दप्तरात कामत हे 'कामोतिं' होऊन रोमन 'सी'खाली जाऊन बसले आणि केणी हे 'क्यू'खाली. त्याच घराण्याची एक शाखा मुंबईस येऊन 'के'खाली लागली. भाऊ-भाऊ दोन याद्यांत दोन टोकांस गेले, तरी पालखीच्या वेळी एकमेकांस कोणी परके म्हटले नाही. कारण तेथे ओळखणारी माणसे होती.

कायद्यासही हे जुने दुखणे ठाऊक आहे. दोन कागदांवर नाव दोन तऱ्हांनी पडले की आम्ही 'उर्फ' घालतो, अथवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करवून घेतो. नाव लिहिण्यात चूक झाली, परंतु माणूस कोणता याविषयी शंका नाही, तर कोर्टे केवळ त्या चुकीवर सहसा कोणाचा हक्क बुडू देत नाहीत. उलट, दोन माणसांचे नाव अक्षरशः एक असले म्हणून ती एक होत नाहीत, हेही कायदा जाणतो. म्हणून तुलनेचा नियम सैल करणे हाच सारा उपाय नव्हे. फार कडक केला तर एका बाईच्या दोन बायका होतात, फार सैल केला तर दोघा नामधारकांचा एकच माणूस होतो. यंत्र लेखनाशी लेखन ताडील. माणसाशी माणूस ताडून पाहणे हे आमचे काम, आणि ते आम्ही त्याच्यावर सोपवून मोकळे झालो होतो.

आणि त्याहून खोल एक गोष्ट आम्हांस बोचत होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाविरुद्ध निर्णय देऊ नये, हे तत्त्व आम्ही अठवा लाईन्सच्या कोर्टात पुनःपुन्हा तावातावाने मांडीत आलो आहोत. परंतु काकूंचे नाव कमी करण्यापूर्वी त्यांच्या दारी एक माणूस पाठविण्याचे आम्हांस सुचले नाही. कागदावर 'यंत्राने ताडले' एवढे असले की ऐकण्याची गरजच उरत नाही, असे जणू आम्ही धरून चाललो.

त्या आठवड्यात आम्ही आणि खजिनदार काकूंकडे गेलो. वाटेत आमलीरानात कवी नर्मदांचे 'सरस्वती मंदिर' हे घर लागते. गुजराती शब्दांचा अर्थ गुजरातीतच सांगणारा पहिला मोठा कोश, नर्मकोश, या सुरतेच्या माणसाने जवळजवळ एकट्याने रचला. १८७३ साली तो पुरा होऊन निघाला. शब्द हजारोंनी जमविले तरी कोणता आधी व कोणता मागे, कोणती दोन रूपे एक धरावयाची आणि कोणती वेगळी, हे ठरविल्यावाचून कोशाचे पहिले पान लागत नाही. ते ठरविणारा तेथे एक माणूस होता, आणि त्याच्या निर्णयाखाली त्याचे नाव होते. त्या घरासमोरून जाताना आम्हांस आमची पाच सह्यांची पाच मिनिटे आठवली.

काकूंनी दार उघडले. आम्ही पत्र मागे घेतल्याचे पत्र त्यांच्या हाती दिले आणि जी चूक झाली ती आमची होती असे सांगितले. आकडे आणि अदृश्य खुणा यांची हकीकत सांगू लागलो, तेव्हा त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे मला कोणी काढले नव्हते?" आम्ही म्हणालो, "काकू, काढले होते. आम्ही काढले होते." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

उरलेल्या चार पत्रांचीही आम्ही घरोघर जाऊन चौकशी केली. दोघांची वर्गणी खरोखरच थकली होती, आणि त्यांनी ती हसत भरली. एकाच्या नावाच्या शेवटी कोणाच्या बोटाने एक मोकळी जागा राहून गेली होती. चौथे गृहस्थ मुलाकडे परगावी गेले होते; त्यांच्याविषयी आम्ही घाई केली नाही. त्या तरुणाने दोन्ही वह्यांतील अक्षरांची रूपे एका रीतीवर आणून दिली, तुलनेचा नियम नेमून दिला, आणि प्रत्येक सभासदास एक कायमचा अंक दिला, म्हणजे पावती नावावर न जुळता अंकावर जुळावी. पुढील वार्षिक सभेत नियमाच्या त्या कलमास आम्ही एक ओळ जोडली: कोणाचेही नाव कमी करण्यापूर्वी चिटणिसाने त्या सभासदास समक्ष भेटावे. ठराव एकमताने संमत झाला.

वर्णानुक्रमही शाळेत घोकल्याप्रमाणे लावून घेतला. त्यामुळे आम्ही शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आलो, हे खरे. परंतु यंदाची यादी हाती आली तेव्हा आम्ही आधी 'ब'चे पान उघडले. काकूंचे नाव तेथे होते, आणि त्याच्यासमोर कार्तिकातील ती संध्याकाळ.